घरसभेची खोली

परगावी गेलेलं मराठी ख्रिस्ती कुटुंब आधी चर्च शोधतं आणि मग आपल्या भाषेत प्रार्थना करणारी चार घरं. फरीदाबादमध्ये चर्च सापडायला वेळ लागत नाही. मल्याळी ख्रिस्ती तर या भागात असे रुजले आहेत की २०१२ साली सिरो-मलबार कॅथलिकांचा नवा धर्मप्रांत स्थापन झाला तो याच शहराच्या नावाने. दिल्ली, हरियाणा, पंजाब, हिमाचल, जम्मू-काश्मीर एवढा पसारा, आणि नाव फरीदाबादचं. आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या भागात रविवारची उपासना हिंदीत होते. म्हणून महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, एनआयटी वस्तीतल्या माझ्या मामांच्या पुढच्या खोलीत घरसभा भरते. नगर, जालना, मिरज, नागपूर इथून आलेली काही कुटुंबं, पाठीमागची पानं सुटलेली ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाची पुस्तकं, मामांची पेटी, आणि शेवटी मामींचे पोहे.

त्या खोलीच्या मागच्या गल्लीत बिहार आणि पूर्वांचलातून आलेली माणसं राहतात. बाप मुजेसरकडच्या कारखान्यांत प्रेसवर किंवा लेथवर, आया सेक्टरांतल्या घरकामाला, मुलं दुपारनंतर रस्त्यावर. आठवड्यातल्या काही संध्याकाळी ही खोली त्या मुलांच्या अभ्यासाला द्यावी, मंडळीतल्या तरुणांनी त्यांना शिकवावं, असं मी सुचवलं. मामा नाही म्हणाले. मामा कंजूष नाहीत आणि संकुचित तर अजिबात नाहीत, म्हणून त्यांचं ‘नाही’ मला समजून घ्यायचं होतं. त्यानंतर आमचं बोलणं बरेच दिवस चाललं. ते इथे एकत्र लिहिते आहे, कारण हा प्रश्न आमच्या दोघांपुरता नाही.

मामा : खोली लहान आहे, मामीचे गुडघे दुखतात, ही कारणं मी देणार नाही. मी इथे ट्रॅक्टरच्या कारखान्यात टूलरूमला लागलो तेव्हा रविवारी चर्चमध्ये हिंदीत प्रार्थना करायचो आणि घरी येऊन तीच मराठीत पुन्हा करायचो. देवाला हिंदी कळत नाही असं थोडंच आहे? मला हिंदीत रडता येत नव्हतं. तुझी आजी नगरला वारली तेव्हा मला वेळेवर पोहोचता आलं नाही. त्या रात्री मराठी मंडळी इथे जमली आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणत पहाटेपर्यंत बसली. ती आमची पहिली घरसभा. लग्न जमवणं, आजारपणात डबा पोहोचवणं, बाळंतपणाला कोणी नसलं तर मामीने जाऊन राहणं, हे सगळं त्यातून उभं राहिलं. आणि तू म्हणतेस, खोली महिनाभर रिकामी असते, तिचा उपयोग करू. रिकामी नसते ती.

मी : त्या रात्रीबद्दल आई अजून सांगते, मामा. पण त्या रात्री आलेल्यांपैकी किती जण आता आहेत? कोणी निवृत्त होऊन नगरला परतले, कोणी गेले. त्यांची मुलं घरसभेला येतात ती आईवडिलांच्या शब्दाखातर, आणि मागे भिंतीला टेकून मोबाइल बघतात. ‘उपासना संगीत’मधलं देवनागरी त्यांना वाचता येतं, अर्थ लागत नाही. त्यांना शिकवायला बोलावलं तर ती येतील. दोघा-तिघांनी तसं सांगितलंही आहे. त्यांना या मंडळीत करण्यासारखं काही हवं आहे. नुसतं बसायला ती फार दिवस येणार नाहीत.

मामा : मग मल्याळ्यांची मुलं कशी येतात? रविवारी त्यांच्या चर्चसमोर जाऊन बघ. प्रार्थना मल्याळममध्ये, त्यानंतर मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, आठवड्यात घराघरांत कुटुंब-गटांच्या प्रार्थना. केरळ कधी धड न पाहिलेली पोरं आईच्या भाषेत गातात. त्यांनी आधी आपलं घर भरलं. त्यांच्या बायका इथल्या निम्म्या हॉस्पिटलांत नर्स आहेत, म्हणजे शेजाऱ्यांची सेवा त्यांनी सोडलेली नाही. फक्त ती चर्चच्या नावाने करत नाहीत, नोकरीच्या जागी करतात. मला तो क्रम पटतो.

मी : त्यांच्यातही सगळ्यांना तो क्रम पटला नव्हता. नवा धर्मप्रांत झाला तेव्हा लॅटिन पद्धतीच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं जाणाऱ्या काही मल्याळी कुटुंबांनी हरकत घेतली होती. आमची मुलं इथे वाढली, बाप्तिस्मे इथे झाले, शेजारी इथले, आता केवळ आमचं मूळ केरळचं म्हणून आम्ही दुसरीकडे का जायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडळी भाषेने बनते तशी रस्त्यानेही बनते, मामा. तुमच्या शेजारचे सरदारजी, समोरच्या पंजाबी आँटी, मागच्या गल्लीतली ती मुलं, यांच्याशी तुमचा संबंध रोजचा. आणि मिरजेहून आलेल्या त्या कुटुंबाशी महिन्यातून एकदाचा.

मामांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. खरं कारण ते दुसऱ्या दिवशी बोलले. ते कारण आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबून लिहायला हवं.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. गावोगाव शाळा होत्या, प्रवचनं होत होती, पण मोठ्या संख्येने कुटुंबं ख्रिस्ती झाली ती १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत, आणि त्यांतली बहुतेक महार-मांग समाजातली. आमचे पूर्वज त्यांच्यातलेच. गावाने त्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं. मिशनच्या आवारात त्यांना धान्य मिळालं, मुलांना पाटी मिळाली, आणि कोणीतरी पहिल्यांदा नावाने हाक मारली. यांतलं नेमकं कशासाठी ते ख्रिस्ती झाले, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. तो विचारणाऱ्यांनी उत्तरही आधीच ठरवलेलं होतं.

मामा : पोटासाठी बाटले. माझ्या आजोबांनी हे ऐकलं, वडिलांनी ऐकलं, मी शाळेत ऐकलं. आजोबा रोज पहाटे उठून गुडघ्यांवर बसत. शेवटच्या आजारात जीभ जड झाली होती तरी स्तोत्र म्हणत होते. पण गावाच्या लेखी त्यांची श्रद्धा म्हणजे ज्वारीची एक पायली. ज्याने उपाशी माणसाला भाकरी दिली तो चुकला असं मी म्हणत नाही. दिली नसती तर तू आणि मी इथे बसलो नसतो. पण भाकरी आणि प्रार्थना एकाच छपराखाली मिळाली की घेणाऱ्याच्या श्रद्धेवर कायमचा डाग बसतो. तो डाग देणाऱ्याला लागत नाही. घेणाऱ्याच्या नातवंडांना लागतो. मागच्या गल्लीतलं एखादं पोर उद्या मोठं होऊन खरोखरच ख्रिस्ताकडे वळलं, तर लोक त्याला म्हणतील, फुकट शिकवणीसाठी गेला. आणि नाही वळलं, तर आपल्यातलेच कोणी म्हणतील, एवढं केलं त्याचं काय झालं? मला या दोन्ही गोष्टी ऐकायच्या नाहीत.

मी : हे मला आत लागलं, मामा. तरी विचारते. डाग लागेल म्हणून पाटीच द्यायची नाही? सिंथिया फॅरार नगरला मुलींना शिकवत होत्या. जोतीराव फुल्यांनी ती शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. फॅरारबाईंच्या वर्गातलं शिक्षण एका चर्चपुरतं राहिलंच नाही, ते महाराष्ट्राचं झालं. आपण त्या शाळांचे ऋणी आहोत. ऋण फेडायचं तर ज्याने दिलं त्याला परत देता येत नाही, पुढच्याला द्यावं लागतं.

मामा : ऋण मी मानतो. पण रमाबाईंचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

मला ठाऊक होतं. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवा आणि निराधार मुलींच्या शिक्षणासाठी, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं वचन देऊन. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. पुढे सदन पुण्याला आलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात गदारोळ उठला, ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ साली रानडे-भांडारकरांनी मंडळ सोडलं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

मामा : आता सांग, बाईंचं काय चुकलं? त्यांनी कोणाला बोलावलं नाही. त्यांनी फक्त दार लावलं नाही. मी शंभर वेळा विचार केला असेल या गोष्टीचा. मी असतो तर दार लावलं असतं का? प्रार्थना करताना दार लावावं लागणं म्हणजे आपण काही चोरून करतो आहोत असं होतं. आणि उघडं ठेवलं तर ज्या मुलीचं तुमच्याशिवाय जगात कोणी नाही, ती आत येते ती कशासाठी? प्रार्थनेसाठी की तुम्हाला बरं वाटावं म्हणून? हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आपल्या खोलीत तेच होईल. त्या भिंतीवर क्रूस आहे. कपाटात बायबल आहे. शिकवणीला येणारं पोर गणित संपल्यावर ते पुस्तक काढून बघेल. मी त्याच्या हातातून काढून घेऊ? मी नाही घेणार. आणि नाही घेतलं तर?

मी : तर तुम्ही कायद्याबद्दल बोलता आहात.

मामा : कायद्याबद्दलही. २०२२ पासून हरियाणात धर्मांतराविरुद्ध कायदा आहे. प्रलोभन दाखवून धर्मांतर केलं तर शिक्षा. अल्पवयीन मुलं, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांच्या बाबतीत चार ते दहा वर्षं. आणि तसं झालं नाही हे सिद्ध करायचं ते आरोपीने. मला माझ्यासाठी भीती नाही, या वयात मला काय होणार आहे? पण शिकवायला येणारी आपली पोरं पंचवीस-तिशीची आहेत. त्यांच्या नोकऱ्या आहेत. कोणी एकाने तक्रार केली की त्यांचं पुढचं आयुष्य कोर्टाच्या तारखांत जाईल.

या मुद्द्यावर मी निरुत्तर झाले असं लिहिलं तर ते खरं होईल. भीती वाटणं आणि भ्याड असणं यांत फरक आहे. मामांची भीती दुसऱ्यांच्या मुलांसाठी होती. पण मला असंही वाटत होतं की या भीतीपायी आम्ही शेजाऱ्यांपासून जितके लांब राहू, तितका संशय वाढत जाईल. ज्या घरात काय चालतं हे गल्लीला माहीत नसतं, त्याच घराबद्दल गल्ली काहीही ऐकून घेते. मामींनी या वेळी मधे पडून एका गोष्टीची आठवण करून दिली, आणि बोलणं दुसऱ्या वाटेला लागलं. ती गोष्ट फरीदाबादचीच.

मामी : समोरच्या आँटी काय सांगतात, विसरलात? त्यांचे वडील बन्नूहून आले. तंबूत राहिले. सरकार शिधा देत होतं, पण आम्हाला फुकटचं नको, काम द्या, असं म्हणणारी ती माणसं. ही घरं त्यांनी स्वतः बांधली.

हे एनआयटी म्हणजे तीच वस्ती. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट या भागांतून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी १९४९-५० च्या सुमाराला जुन्या फरीदाबादजवळ हे नवं औद्योगिक शहर वसवायला घेतलं. हृदयनाथ कुंझरू विकास मंडळात होते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने निर्वासितांच्या सहकारी सोसायट्या उभ्या केल्या. घरं बांधायची कामं ठेकेदारांऐवजी या सोसायट्यांकडे आली, विटा-गवंडीकाम न केलेली माणसं ते शिकली. या सगळ्याची हकिगत लक्ष्मीचंद जैन यांनी पुस्तकात लिहून ठेवली आहे; ते स्वतः त्या कामात होते. निर्वासितांनी आपल्या हॉस्पिटलला सरहद्दीच्या आपल्या नेत्याचं, बादशाह खानांचं नाव दिलं. २०२० साली सरकारने ते बदलून अटलबिहारी वाजपेयींचं केलं, तरी रिक्षावाल्याला आजही ‘बी. के.’ म्हटलं की तो नेमका तिथेच नेतो.

मी : हीच तर मदत करण्याची रीत आहे, मामा. कमलादेवींच्या लोकांनी निर्वासितांना घरं दिली नाहीत. घरं बांधता येतील अशी सोसायटी करायला त्यांच्या बाजूने उभे राहिले. २०२१ च्या पावसाळ्यात खोरी गाव पाडलं तेव्हा मी हे उलट्या बाजूने पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये आदेश दिला, अरवलीच्या वनजमिनीवरची सुमारे दहा हजार घरं जायची होती. आमच्या चर्चच्या तरुण संघाने जेवणाची पाकिटं नेली. लोकांनी घेतली, कोणी वाईट बोललं नाही. पण एका बाईने मला हाताला धरून बाजूला नेलं आणि फाइल दाखवली. पुनर्वसनाचं घर हवं तर परिवार पहचान पत्र, मतदार ओळखपत्र किंवा विजेची जोडणी, यांतलं काहीतरी दाखवायचं होतं. तिच्याकडे होतं ते नवऱ्याच्या नावाचं, आणि त्याचं स्पेलिंग चुकलेलं. तिला पुरीभाजी नको होती. तिला कोणीतरी अर्ज भरून द्यायला हवं होतं. आमच्यातल्या निम्म्यांना असे अर्ज रोज ऑफिसात भरायची सवय आहे, आणि आम्ही पाकिटं वाटत होतो.

मामा : मग भरलास का तो अर्ज?

मी : तिचा भरला. मग रांग लागली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केलं. तिथे कोणी विचारलं नाही, तुम्ही कुठल्या चर्चचे. झाडाखाली बसलो होतो, सगळ्यांसमोर.

मामा : हं. झाडाखाली.

मामांच्या या ‘हं’पासून पुढचं बोलणं बदललं. एक खुलासा मात्र मला करायलाच हवा. वाटलेल्या अन्नाला कमी लेखावं असं मला म्हणायचं नाही. एप्रिल २०२१ मध्ये, ऑक्सिजनविना माणसं तडफडत असताना, गाझियाबादच्या इंदिरापुरममधल्या गुरुद्वाऱ्याने रस्त्यावर ऑक्सिजनचा लंगर लावला. गाडीतच मास्क लावून माणसं श्वास घेत होती. कोणाचा धर्म कोणी विचारला नाही, आणि नंतर कोणी त्यांच्यावर प्रलोभनाचा आरोपही केला नाही. गुरुद्वाऱ्यात जेवल्याने कोणी शीख होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, कारण लंगरात सगळेच जेवतात आणि सगळेच भांडी घासतात. चर्चबद्दल हा विश्वास लोकांच्या मनात का नाही? इतिहास, राजकारण, अफवा, ही कारणं आहेतच. पण आमचाही एक दोष आहे असं मला वाटतं. आमच्या सेवेत देणारे आणि घेणारे नेहमी दोन बाजूंना उभे राहिले. शेजाऱ्याला आमच्यासाठी काही करायची संधी आम्ही क्वचितच दिली.

मामा : वसईचे फादर दिब्रिटो गेले तेव्हा त्यांच्या अंत्यदर्शनाचे फोटो पाहिलेस? किती तऱ्हेची माणसं. का आली ती? फादरांनी त्यांना काही वाटलं होतं का? ‘हरित वसई’ चळवळीच्या वेळी बिल्डरांविरुद्ध उभे राहिले. विहिरी आटतील, वाड्या जातील, हा प्रश्न कॅथलिकांचा एकट्यांचा नव्हता. पाणी सगळ्यांचं. त्यांनी चर्चच्या पायऱ्या उतरून शेजाऱ्यांबरोबर मोर्चा काढला, धमक्या सोसल्या. ‘सुवार्ता’ मासिक चर्चचं, पण त्यात मराठीतले कुठलेकुठले लेखक लिहीत. म्हणून २०२० साली उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा विरोध करणारे ओरडले, तरी संमेलन पार पडलं. ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांनी काही लपवलं नाही.

मी : म्हणजे तुम्हाला सेवा नको असं नाहीच.

मामा : मी कधी म्हटलं नको? या खोलीत नको, एवढंच म्हटलं. तूच ते सेवेला नकार म्हणून ऐकलंस. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. मिशनचं आवार त्यांना पुरेना, त्यांना बाहेर यायचं होतं. तू मात्र बाहेरच्यांना आवारात आणायला निघाली आहेस. ही मुलं शिकायची असतील तर त्यांच्या गल्लीत शिकू देत. तिथलं बारातघर, म्हणजे लग्नकार्याचा हॉल, महिन्यातले बरेच दिवस रिकामं असतं. तिथे त्यांच्या आया येताजाता बघतील. भिंतीवर आपलं काही नको. सुरुवातीला प्रार्थना नको, शेवटी नको. आणि एकटी आपली मंडळी नको. समोरच्या आँटी शाळेत गणित शिकवायच्या, त्यांना विचार. सरदारजींचा नातू इंजिनिअरिंगला आहे. मी स्वतः येईन. आयटीआयला जाऊ इच्छिणाऱ्या पोरांना व्हर्निअर, मायक्रोमीटर कसं धरायचं ते शिकवीन. कारखान्यात पहिल्या दिवशी ते आलं की पोराला हेल्पर म्हणून नाही, ट्रेनी म्हणून घेतात. पगारात फरक पडतो.

मी : मग यात मंडळी कुठे राहिली? शिकवणारे तुम्ही, मी, आँटी, सरदारजींचा नातू. ही गल्लीची शिकवणी झाली. आपल्या तरुणांना मंडळीशी जोडायला म्हणून मी हे सुरू करायचं म्हणत होते.

मामा : मुलांना शिकवायचं ते त्या मुलांसाठी. आपले तरुण टिकावेत म्हणून त्यांना वापरायचं नाही. ते आणखी एक प्रलोभनच झालं, फक्त उलट्या दिशेचं.

हे मला पूर्ण पटलेलं नाही. एखादं काम एका हेतूने सुरू झालं आणि त्यातून दुसरं काही चांगलं निघालं तर ते वाईट ठरत नाही. आमचे तरुण त्या बारातघरात शिकवून थकून आले आणि रविवारच्या घरसभेत त्यांना एखाद्या मुलासाठी प्रार्थना करावीशी वाटली, तर त्यांची प्रार्थना पहिल्यांदा खरी होईल. आत्ता त्यांच्याकडे मागण्यासारखं फारसं काही नाही. परीक्षा, नोकरी, व्हिसा. मंडळीचं आतलं जीवन बाहेरच्या ओळखीने भरतं, असा माझा विश्वास आहे. मामांचा विश्वास आहे की आत काही असेल तरच माणूस बाहेर टिकतो. घरसभा कधी चुकली नाही म्हणून त्या परक्या शहरात ते उभे राहिले, आणि उभे राहिले म्हणूनच आज कोणाला काही शिकवू शकतात. त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं तर त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. पण माझ्या पिढीने ते शहर परकं म्हणून पाहिलेलंच नाही. आम्हाला आधार लागतो तो परकेपणासाठी नाही.

नाताळचाही प्रश्न निघाला. करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं मामी दरवर्षी शेजारच्या घरांत पाठवतात आणि दिवाळीला, लोहडीला तिकडून ताटं येतात. मागच्या गल्लीत मात्र ताट कधी गेलं नाही. मला वाटत होतं की मुलांना या वर्षी नाताळला घरी बोलवावं.

मामा : आधी त्यांच्या छठला आपण जाऊ. बोलावलं तर.

मी : मंडळीतल्या काहींना प्रसादाची अडचण वाटेल.

मामा : वाटेल. पौलाने करिंथकरांना याच प्रश्नावर लिहिलं आहे, तेव्हा आपण काही नवं करत नाही. मी बोलतो त्यांच्याशी. काही जण ऐकणार नाहीत, त्यांनी येऊ नये. पण नेहमी आपण बोलवायचं आणि त्यांनी यायचं, हे मी चालू देणार नाही. त्यांच्या दारात आपण पाहुणे म्हणून बसलो पाहिजे, त्यांनी दिलेलं हातात घेतलं पाहिजे.

मी : आणि पावसाळ्यात? बारातघराचं छप्पर गळतं. श्रावणात तिथे लग्नं नसतात पण पाणी असतं. तेव्हा तरी खोली उघडाल?

मामा : मुलांच्या आईबापांनी स्वतः येऊन विचारलं, की तुमच्या घरी बसवू का, तर उघडीन. त्याआधी नाही.

मी : क्रूस काढून ठेवाल?

मामा : नाही. तो माझ्या घराचा आहे. ज्याला विचारायचं आहे तो तो बघूनच विचारेल.

मी : आणि कोणी तक्रार केली तर?

मामा : तर पोलिसांना मी काही सांगून उपयोग नाही. माझी मुलं त्या घरात का बसतात, हे त्यांच्या आयांनी सांगितलं पाहिजे. त्या सांगतील असं आज मला वाटत नाही, कारण त्या मला ओळखत नाहीत. म्हणून म्हणतो, बारातघराची किल्ली कोणाकडे असते ते उद्या विचारून ये.